शीण आणि आळस

२००६ साली नांदेड-लातूरकडे आलेली चिकुनगुन्याची साथ तुम्हाला आठवत असेल. लातूरच्या माझ्या धाकट्या बहिणीचा ताप उतरला, थकवा मात्र उतरला नाही. एक दिवस धुणं धुतलं की दुसऱ्या दिवशी अंथरूण. कुणी म्हणालं आळस, कुणी म्हणालं नजर. मी मोठा भाऊ, म्हणालो, "पहाटे फिरत जा." ती फिरली आणि अधिकच खचली.

दहा वर्षांनी मुंबईला इम्युनॉलॉजिस्टकडे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या डॉक्टरांकडे गेलो. एका रक्ततपासणीत सगळं कळेल, ही आशा. डॉक्टर म्हणाले, तशी तपासणीच नाही. थायरॉईड, रक्तक्षय, क्षय, संधिवात, प्रतिकारशक्तीतला दोष, हे एकेक वगळायचं. मग सहा महिन्यांहून जास्त थकवा, श्रमानंतर वाढणारा त्रास, झोपूनही न जाणारा शीण, जोडीला विसराळूपणा किंवा उभं राहिल्यावर भोवळ, यांवरून 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' ओळखायचा. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१५ साली हेच निकष मांडले. हमखास औषध नाही. शक्ती जपून खर्चायची. वाढत्या व्यायामाचा उपचार या आजारात देऊ नये, असं २०२१ साली ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेही सांगितलं. तेव्हा माझा सल्ला मलाच बोचला.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट न्या. कोणत्या कामानंतर त्रास वाढला, याची महिनाभराची टिपणवहीही न्या.

त्या दिवशी परतताना गाडीत बहीण म्हणाली, "भाईजान, आता तरी मला कुणी आळशी म्हणणार नाही ना?"

याचं उत्तर डॉक्टरांनी नव्हे, आपण द्यायचं आहे.