पहाटेची खडखड : जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनाची पारख



पहाटेचे पाच वाजलेले असतात. दूध संकलन केंद्रासमोर कॅन रचून ठेवलेले असतात आणि चालक पिकअप गाडीची किल्ली फिरवतो. इंजिन सुरू होते. पण त्याबरोबरच पुढील बाजूने खडखड असा आवाज उठतो. दोन-तीन सेकंदांत तो विरून जातो. चालक निर्धास्त होतो, गाडी वाटेला लागते आणि दिवसभर त्या आवाजाची कोणालाही आठवण राहत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच प्रकार घडतो.

ग्रामीण जीवनात या छोट्या मालगाडीचे स्थान काय आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. दूध, भाजीपाला, खते आणि बियाणे तिच्यातूनच जातात. अडचणीच्या रात्री रुग्णालाही तिचाच आधार असतो. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. शेतकरी व लहान व्यावसायिक यांच्याकडे मात्र दहा-बारा वर्षे राबलेल्या गाड्या आजही मोठ्या प्रमाणावर धावत आहेत. अशा गाडीचे इंजिन बसले, तर एका कुटुंबाची रोजची मिळकत थांबते. म्हणूनच पहाटेच्या त्या दोन-तीन सेकंदांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

या बाबतीत सर्वसाधारणपणे दोन चुका होतात. आवाज आपोआप थांबतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे ही पहिली. आणि आवाज येतो एवढ्याच कारणावरून इंजिन उघडण्यास संमती देणे ही दुसरी. पहिल्या चुकीने इंजिन जाते, दुसरीने पैसा जातो. योग्य मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे. आधी ऐकावे, मग पाहावे, मग मोजावे आणि सर्वांत शेवटी उघडावे.

आवाजाचे मूळ

इंजिनातील फिरते भाग एकमेकांवर प्रत्यक्ष घासत नाहीत. क्रँक आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते व तीत वंगण तेलाचा पातळ थर दाबाने भरलेला असतो. इंजिन बंद होताच हा दाब नाहीसा होतो आणि वरच्या भागातील तेल हळूहळू तळाच्या चेंबरमध्ये उतरते. पहाटे इंजिन सुरू होताना पंपाला ते पुन्हा वर चढवावे लागते. तेल पोहोचेपर्यंतच्या अवधीत सैल असलेला प्रत्येक भाग वाजतो. नव्या इंजिनात हा अवधी जाणवतही नाही. झिजलेल्या इंजिनात तो कानांना ऐकू येतो.

डॅशबोर्डावरील ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे सर्व ठीक आहे, अशी समजूत रूढ आहे. ती पूर्णांशाने खरी नाही. हा दिवा बहुतेक गाड्यांत अगदी अल्प दाबालाच विझतो. दिवा विझणे म्हणजे थोडा दाब निर्माण झाला, एवढाच त्याचा अर्थ होय. मात्र इंजिन चालू असताना दिवा विझत नसेल किंवा मध्येच लागत असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद केले पाहिजे.

पहिली परीक्षा : घड्याळ

निदानासाठी लागणारे पहिले साधन हत्यार नसून घड्याळ होय. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करावी व आवाज किती सेकंद टिकतो हे लिहून ठेवावे. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ते पुन्हा सुरू करावे. या वेळी आवाज आला नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आला, तर रात्रीतून तेल खाली उतरते, हा संशय बळावतो. थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत सारखाच आवाज येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे.

ही परीक्षा उघड्यावर करावी. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगडाची ओट द्यावी आणि उपरणे, पदर किंवा सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये.

तेल आणि फिल्टर

यानंतर डिपस्टिक काढून तेल पाहावे. पातळी खालच्या खुणेखाली असेल, तर तेल भरून पुन्हा परीक्षा घ्यावी. पातळी वाढलेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन तेलात मिसळत आहे, असे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. या दोन्ही परिस्थितींत गाडी चालवू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. आवाज दबावा म्हणून अधिक दाट तेल भरण्याची प्रथा घातक आहे. कारण दाट तेल थंडीच्या पहाटे वर चढण्यास अधिक वेळ घेते.

फिल्टर हा स्वस्त पण अनेकदा दुर्लक्षिलेला भाग आहे. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या अनेक फिल्टरांत रबराची एक पातळ झडप असते. इंजिन बंद असताना फिल्टरमधील तेल परत खाली जाऊ नये, हे तिचे काम होय. रबर कडक झाले किंवा फिल्टर हलक्या प्रतीचा असला की झडप नीट बसत नाही. रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि पहाटे तो भरेपर्यंत बेअरिंगे कोरडी राहतात. केवळ योग्य फिल्टर व ताजे तेल घातल्याने पहाटेची खडखड थांबल्याची उदाहरणे कारागिरांच्या चांगल्या परिचयाची आहेत. म्हणून मोठ्या खर्चास होकार देण्यापूर्वी हा छोटा खर्च करून पाहावा.

टायमिंग चेन

एवढ्यानेही आवाज राहिला आणि तो इंजिनाच्या पुढच्या झाकणाआडून येत असेल, तर टायमिंग चेनकडे लक्ष द्यावे. क्रँकची गती कॅमपर्यंत पोहोचवण्यासाठी काही इंजिनांत चेन, काहींत दात्यांची चाके, तर काहींत पट्टा असतो. आपल्या गाडीत काय आहे, हे पुस्तिकेवरून कळते. चेनचा ताण राखणारा टेन्शनर अनेक इंजिनांत तेलाच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल राहते व झाकणावर किंवा मार्गपट्टीवर आपटते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टोयोटा कंपनीच्या पिकअप गाड्यांतील २२आर हे २.४ लिटरचे पेट्रोल इंजिन होय. त्यात १९८३ च्या सुमारास दुहेरी चेनऐवजी एकेरी चेन आणि धातूऐवजी प्लॅस्टिकच्या मार्गपट्ट्या आल्या. गाडी जुनी झाली की प्लॅस्टिकची पट्टी तुटे आणि पहाटे खडखड सुरू होई. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास सैल चेन पुढील झाकणाची भिंत घासत राही. त्या भिंतीपलीकडेच पाण्याचा मार्ग असल्याने तीस भोक पडून पाणी तेलात उतरे आणि बेअरिंगे निकामी होत. जे काम चेन व पट्ट्या बदलून भागले असते, त्यासाठी संपूर्ण इंजिन खर्ची पडे. काही सेकंदांच्या आवाजाची उपेक्षा किती महाग पडू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

इतर आवाजांची ओळख

प्रत्येक खडखड तेलाशी संबंधित नसते. किल्ली सोडताच थांबणारा कर्कश आवाज स्टार्टरचा असू शकतो. पत्रा वाजल्यासारखा किरकिरा आवाज बहुधा सायलेन्सरच्या सैल पट्टीचा किंवा उष्णतारोधक पत्र्याचा असतो. क्लच दाबताच आवाज बदलत असेल, तर दोष गिअरबॉक्स किंवा क्लचकडे असण्याचा संभव अधिक. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. म्हणून टॅपेटची टकटक क्रँकच्या गतीच्या निम्म्या ठेक्याने ऐकू येते. लांब लाकडी काठीचे एक टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवून दुसरे कानाशी धरल्यास आवाजाची जागा बरीच नेमकी कळते.

डिझेल इंजिनाचा थंडीतील ठोका हा आणखी वेगळा प्रकार होय. इंधन पेटण्यास उशीर झाला की ते एकदम पेटते व कडक ठोका बसतो. त्यासोबत पांढरा धूर दिसला आणि इंजिन तापल्यावर दोन्ही कमी झाले, तर हीटर प्लग, नोझल किंवा इंधन सोडण्याची वेळ तपासून घ्यावी. नोझलच्या नळीचे नट एकेक करून सैल करण्याची जुनी पद्धत फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरतीच ठीक आहे. कॉमन रेल इंजिनातील इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जातो. तेथे चालू इंजिनाची नळी सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

जो खोल ठोका इंजिन तापल्यावरही थांबत नाही, उलट भार पडताच वाढतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये; ओढून न्यावी. तेथे दाबमापक लावून तेलाचा दाब मोजावा व पुस्तिकेतील आकड्याशी तो ताडून पाहावा. तो कमी आढळला, तरच इंजिन उघडण्याचा निर्णय घ्यावा.

एक वही

वाहनाची निगा ही केवळ कारागिराची जबाबदारी नाही. गाडीत एक साधी वही ठेवावी. तेल व फिल्टर कोणत्या तारखेस बदलला, किती किलोमीटरवर बदलला आणि पहाटे आवाज किती सेकंद आला, एवढ्या तीन नोंदी पुरेशा आहेत. आवाज महिनाभर दोन सेकंदांवर स्थिर असणे आणि तो दोनाचे पाच, पाचाचे दहा सेकंद होणे, यांत मोठे अंतर आहे. हे अंतर वहीशिवाय कळत नाही. गाडीचा मालक आणि चालक भिन्न असल्यास ही वही अधिकच उपयोगी पडते. कारण चालकाची तक्रार पुष्कळदा ऐकली जाते, पण लिहून घेतली जात नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले अनेक तरुण आज तालुक्याच्या गावी काम करीत आहेत. ग्रामपंचायतीने अशा एखाद्या जाणत्या कारागिरास बोलावून गावातील वाहनचालकांसाठी पहाटे, इंजिने थंड असताना, प्रात्यक्षिक ठेवण्यास विशेष खर्च येणार नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनाही घर्षण, दाब आणि वंगण हे विषय समजावण्यासाठी याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण. विद्यार्थी घरी जाऊन ते आपल्या वडिलांना सांगतील, हा लाभ वेगळाच.

इंजिन सहसा एका दिवसात बिघडत नाही. ते आधी काही सेकंद सूचना देते, आणि ती रोज पहाटे देते. ज्या घरी ती सूचना ऐकली आणि लिहिली जाते, तेथे दुरुस्ती बहुधा फिल्टरवर भागते. जेथे ती ऐकली जात नाही, तेथे गाडी एखाद्या दिवशी भरल्या मालासह घाटात थांबते.