ग्रंथसूची : यंत्र आणि विवेक



ग्रंथालयात ग्रंथ असणे निराळे आणि तो वाचकाच्या हाती पडणे निराळे. या दोहोंना जोडणारी वाट म्हणजे ग्रंथसूची. डॉ. रंगनाथन् यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविणे हा एक होय. सूचीचे प्रयोजन त्यातच सामावले आहे. तथापि ही सूची मनुष्याने करावी की यंत्राने, याविषयी विद्वानांत मोठा मतभेद आहे.

वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील सूचीपत्रे इतर ग्रंथालयांस पुरवू लागली. पुढे १९६० नंतरच्या दशकात तेथील हेन्रिएट ॲव्हरम यांनी सूचीतील नोंदी संगणकास वाचता याव्यात म्हणून 'मार्क' ही पद्धती सिद्ध केली, आणि १९९७ साली त्या संस्थेने पत्रे छापणे थांबविले. येथवर यंत्र हे सूचिकाराचे साधनच राहिले होते.

खरा वाद २००६ साली पेटला. त्याच संस्थेसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरन कॅल्हून यांनी एक अहवाल लिहिला. वाचक सूचीकडे न वळता इंटरनेटकडे वळत आहेत आणि सूचीचा खर्च जड होत आहे. सबब हाताने विषयशीर्षके देणे सोडून शब्दशोधावर भिस्त ठेवावी, अशी त्यांची एक सूचना होती. तेथीलच संदर्भग्रंथपाल टॉमस मॅन यांनी तिचे कसून खंडन केले. शब्दशोध वाचकास ठाऊक असलेला शब्दच शोधतो. ठाऊक नसलेल्या नावाखाली दडलेला ग्रंथ त्यास सापडावा कसा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

हा आक्षेप मराठी वाचकास सहज पटावा. 'ज्ञानेश्वरी' मागणाऱ्यापुढे 'भावार्थदीपिका' या नावाने नोंदलेली प्रत यंत्र आपण होऊन ठेवीलच असे नाही. रोमन लिपीत तर ज्ञानेश्वरांचे नाव कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जे'पासून. ही सारी नावे एकाचीच, हे कोणी जाणत्याने आधी नोंदवून ठेवावे लागते.

म्हणून यंत्र त्याज्य ठरते असे नव्हे. परके तंत्र स्वीकारण्यात कमीपणा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसविली. शिवाय कॅल्हून यांची खर्चाची चिंता खोटी नव्हती : नोंदीवाचून वर्षानुवर्षे पडून राहिलेला ग्रंथ वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके त्या वादानंतरही टिकून राहिली. मात्र ती सुचविण्याचे काम यंत्राकडे द्यावे काय, हा प्रश्न आता नव्याने उभा आहे.

ज्या ज्या मठांत पोथ्यांची बासने आहेत, त्यांनाही हा प्रश्न परका नाही. यंत्राने पानांची छायाचित्रे घ्यावीत, नोंदी दूरदूर पोहोचवाव्यात. परंतु आरंभीची पाने गहाळ झालेली पोथी कोणाची व कशाविषयीची, हा निर्णय ती वाचून, जबाबदारीने करावयाचा असतो. तो करणारी माणसे तयार करणे, हे यंत्र विकत घेण्याइतकेच निकडीचे आहे.