रात्रीचा दिवस आणि शरीराचे वय



कष्टाळू माणसाचे कौतुक करताना ‘त्याने रात्रीचा दिवस केला’ असे मराठीत म्हटले जाते. आदर्श विद्यार्थ्याच्या लक्षणांत सुभाषितकाराने श्वाननिद्राही घातली आहे. झोप कमी करणे हा सद्गुण होय, ही समजूत शाळकरी वयातच रुजते आणि साठीपर्यंत टिकते. शरीराचा जमाखर्च मात्र निराळा असतो.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. या तरुणांना सलग सहा रात्री अंथरुणात केवळ चार तास मिळत. एवढ्यानेच रक्तातील साखर हटवण्याची त्यांच्या शरीराची गती मंदावली. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक संध्याकाळी ओसरावयाचे, ते चढलेले राहू लागले. असे बदल एरवी वाढत्या वयात दिसतात. येथे ते ऐन विशीच्या आसपासच्या मुलांत दिसले. दिलासा एवढाच की, पुढे रोज बारा तास विश्रांतीची मुभा मिळताच हे बिघाड सुधारले.

वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेचे काय? स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरील रासायनिक खुणांवरून शरीराचे वय अजमावण्याची पद्धत मांडली. जन्मतारखेचे वय आणि हे जैविक वय नेहमी जुळतेच असे नाही. रजोनिवृत्ती झालेल्या २,०७८ स्त्रियांच्या २०१६ मधील अभ्यासात, निद्रानाशाची पाच लक्षणे असलेल्या स्त्रियांचे जैविक वय, तशी लक्षणे नसलेल्या त्यांच्या समवयस्कांपेक्षा सुमारे दोन वर्षांनी अधिक आढळले. अर्थात, संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. दुखणे, चिंता वा वैधव्य झोपही मोडते आणि शरीरही झिजवते. त्यामुळे एका जागरणाने कोणी म्हातारे झाले, अशी घबराट अनाठायी ठरेल.

पालकांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पौगंडावस्थेत झोप आणणाऱ्या मेलाटोनिनची वेळ पुढे सरकते. मूल उशिरा झोपते त्याला सर्वस्वी आळस वा मोबाइल कारणीभूत नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत विशेष स्रवते. तेथे श्वाननिद्रा कामाची नाही. दहावीच्या वर्षी मुलासोबत मध्यरात्रीपर्यंत जागणारी आई पहाटे डब्यासाठी पुन्हा उठते, तिची झोप तर कोणी मोजतच नाही.

शाळेच्या पहिल्या तुकडीतील मुले आज साठीपार आहेत. त्यांच्यापैकी कोणी जोराने घोरत असेल, झोपेत श्वास अडून दचकत असेल, दिवसा बसल्या बसल्या डुलकी घेत असेल, तर घरच्यांनी त्याची थट्टा न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. झोपेतील श्वासरोध हा उपचार होऊ शकणारा आजार आहे, आणि तो बहुधा शेजारी झोपणाऱ्याच्याच आधी ध्यानात येतो.