उतरलेलं वजन टिकवायचं कसं?

बायांनो, तुम्हीही पुढं येऊन बसा. आज वजनाची गोष्ट काढली आहे.

तुम्ही म्हणाल, हे दुखणं शहरातलं. आमच्या अंगावर कुठलं मांस! खरं आहे. गावात अजून कितीतरी लेकरं हाडकुळी आहेत. पण त्याच आळीत चाळिशीच्या माणसाचं पोट सदऱ्यात मावत नाही. काम कमी झालं ना! नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. शेतावर जायलाही मोटारसायकल लागते. खाणं मात्र तेवढंच राहिलं, अन् चहा वाढला.

चहाचाच हिशेब करा. एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. कपात दोन चमचे, दिवसात सहा कप. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर साखर पोटात गेली. एका माणसाच्या, बरं का!

पोट सुटलं की मधुमेह अन् रक्तदाब यांचं भय वाढतं. शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर जपायला हवं.

आम्हीही एकदा वजन उतरवलं. दोन महिने एकवेळ जेवलो. सहा किलो उतरलं. गावभर सांगत सुटलो. पुढं दिवाळी आली, अन् होळीपर्यंत सहाचे सात किलो परत आले. लोक हसले, ते वेगळंच.

असं का होतं? अंग हलकं झालं की त्याला अन्न थोडं पुरतं. भूक मात्र वाढते. गेलेलं शरीर परत मागतं. म्हणून उतरवणं एक वेळ जमतं, टिकवणं अवघड. उपासाचं तर विचारूच नका. एकादशी अन् दुप्पट खाशी!

अमेरिकेत १९९४ साली शास्त्रज्ञांनी एक नोंदवही सुरू केली. ज्यांनी निदान साडेतेरा किलो वजन उतरवलं अन् वर्षभर टिकवलं, त्यांचीच नावं तिच्यात. पुढं हजारो नावं झाली. उतरवण्याचे मार्ग निरनिराळे होते. पण टिकवणारे बहुतेक जण सकाळी न्याहारी करत. टीव्हीपुढं थोडाच वेळ बसत. आठवड्याला एकदा तरी काट्यावर उभे राहत. अन् रोज तासभर अंग हलवत. पुष्कळ जण नुसते चालत. दोन-चार वर्षं असं निभावलं की पुढं सोपं जातं, असंही दिसलं.

भाकरी सोडायची का, असं मागून एक आजी विचारतात. नाही आजी. चार खात असाल तर तीन खा, जोडीला पालेभाजी अन् डाळ वाढवा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्यावाचून उपास धरू नका. पोटुशीनं तर वजन उतरवायचंच नाही. अन् काही न करता कुणाचं वजन घटत असेल, तर त्याला लगेच दवाखान्यात न्या.

आता वही उघडा. शेवटच्या पानावर आजची तारीख लिहा. काटा दाराशी ठेवला आहे. एकेकानं या, अन् आकडा आपल्या हातानं लिहा. पुढच्या आठवड्याला त्याच्या खाली दुसरा लिहू.