सावत्र आईच्या आड लपणं पुरे



माझ्या आधीच्या वक्त्यांनी कुमार साहित्यानं मुलांना निखळ आनंद द्यावा, असं बजावलं. आनंदाशी माझं भांडण नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं आमच्या पिढीवर केलेले उपकार फिटणारे नाहीत. पण फुरसुंगीच्या या बन्यासारखं सायकल काढून साहसाला निघणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. काही मुलांचं साहस घराच्या आतच चाललेलं असतं. बाप पिऊन आला की कुठल्या खोलीत थांबायचं, अमुक काका मुक्कामाला आला की धाकटीला कुणाच्या कुशीत झोपवायचं, असले हिशेब ती रोज करतात. या मुलांविषयी मराठी कुमार कादंबरी जवळजवळ मुकी आहे. मी त्यावरच बोलणार आहे. ज्यांना गोड भाषण हवं होतं, त्यांनी अध्यक्ष निवडताना थोडी चौकशी करायला हवी होती.

क्रौर्य आपल्या गोष्टींना कधीच वर्ज्य नव्हतं. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये नावडतीला गुरांच्या बेड्यात ठेवतात, उष्टं वाढतात. लोककथेतली सावत्र आई पोरीला उपाशी मारते आणि आपण ती गोष्ट झोपताना सांगतो. अट एकच, छळणारी बाई सावत्र हवी. सख्खा बाप, सख्खा मामा, देवघरात बसणारे आजोबा यांना आपल्या गोष्टींनी कायमचं अभय दिलं आहे. आणि विलायतेतला छळ असेल तर सगळंच माफ! हॅरी पॉटर मावशीच्या घरात जिन्याखालच्या कपाटात झोपतो, बोलणी खातो, शिक्षा म्हणून उपाशी राहतो. ते पुस्तक आपण मुलांना वाढदिवसाला दिलं. 'माय मरो, मावशी उरो' म्हणणाऱ्या समाजातून एका पालकाची हरकत माझ्या कानावर आली नाही. तोच मुलगा सांगलीत मावशीकडे शिकायला ठेवा, नाव मराठी द्या आणि हस्तलिखित पाठवून बघा. 'कोवळ्या मनावर परिणाम होईल' अशा शेऱ्यासह साभार परत येईल. एका परीक्षक मंडळात मी हे वाक्य समोरासमोर ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्या गृहस्थांनी पुस्तक निम्मंसुद्धा वाचलेलं नव्हतं.

आता कुणीतरी 'श्यामची आई' काढणार, म्हणून मीच काढतो. 1935 साली आलेलं हे पुस्तक मी आजही मुलांना देतो. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आई फोडून काढते आणि नंतर तिचेच डोळे भरून येतात. साने गुरुजींनी एका आईविषयी लिहिलं, सगळ्या घरांना प्रशस्तिपत्रक दिलं नव्हतं. ते आपण स्वतःच छापून घेतलं. मारणाऱ्या हाताच्या मागे माया असतेच, असा धडा आपण त्यातून काढला आणि नव्वद वर्षं गिरवला. ज्या घरात माराच्या मागे निव्वळ मारच असतो, तिथल्या मुलाला या धड्यातून एवढंच कळतं की चूक आपलीच असणार.

मराठीला हे लिहिता येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घुसमटलेलं माहेर हसत हसत उघडं केलं. 1994 साली किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं. आजोळच्या घरात राबवून घेतलेल्या, मार खाल्लेल्या, आईच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मुलाची ही हकिकत. लिहिणारा तेव्हा पंचविशीच्या आतला होता. म्हणजे हे सोसून तगलेल्या तरुणानंच ते लिहिलं. आपण काय केलं? विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आणि मोठ्यांच्या कपाटात ठेवून दिलं. जे तेराव्या वर्षी सोसलं जातं, ते वाचायची परवानगी एकविसाव्या वर्षी!

हे आपल्याकडे फारसं घडत नाही, असं समजणाऱ्यांसाठी एक सरकारी कागद आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक, 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पुढे 2012 साली पोक्सो कायदा आला. गुन्हा कळूनही जो कळवत नाही, त्यालाही त्यात शिक्षा आहे. म्हणजे मोठ्यांनी गप्प बसू नये, असं कायदा सांगतो आणि ज्या पुस्तकामुळे मूल बोलतं होईल, ते वाचनालयाच्या दारातून परत फिरवलं जातं.

लेखकांनी टाळ्या वाजवण्याची घाई करू नये, कारण जे थोडं लिहिलं जातंय तेही मला पुरतं पटत नाही. आपला अत्याचारी माणूस पहिल्या पानापासून अत्याचारी दिसतो, लाल डोळे आणि तोंडाला वास. प्रत्यक्षात तोच मामा शाळेची फी भरतो, जत्रेला नेतो, सायकल घेऊन देतो. स्टीफन चबोस्की यांच्या 1999 सालच्या 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' या कादंबरीतल्या चार्लीचं त्याच्या हेलनमावशीवर मनापासून प्रेम असतं. तिनंच आपल्यावर अत्याचार केला हे त्याला फार उशिरा उमगतं. अमेरिकेतही ते पुस्तक शाळांच्या वाचनालयांतून हटवा म्हणून ओरड झाली, तेव्हा भित्रेपणाची मक्तेदारी आपली एकट्याची नाही. पण पुस्तक लिहिलं तरी गेलं. आपल्याकडे अशा घरातल्या आईचं काय होतं ते कुणी नीट लिहिलं आहे? तिला ठाऊक असतं आणि ती गप्प असते, कारण घर नवऱ्याच्या नावावर आहे, माहेरी भावजयीचं राज्य आहे आणि मुलीच्या लग्नाची काळजी आत्तापासून आहे. तिला खलनायिका करणं सोपं, देवी करणं त्याहून सोपं. मूल खरं सांगतं, इन्स्पेक्टर येतो, पुस्तक संपतं, ही पळवाट झाली. सांगितल्यानंतरच्या दिवशी घरात चहा कोण करतं, आजी कुणाशी अबोला धरते, दिवाळीला कुणाच्या घरी जायचं थांबतं, कादंबरी तिथे आहे. आणि कृपा करून शेवटी मुलीच्या तोंडी क्षमेचं भाषण घालू नका. रागावून राहण्याचा तिचा हक्क आहे.

प्रकाशकांना सांगतो, असल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रडणारी मुलगी आणि काळी सावली छापू नका. ज्या मुलीला ते वाचायचंय, तिला ते त्याच घरात, त्याच माणसासमोर दप्तरातून काढायचं असतं. मुखपृष्ठ साधं ठेवा, सायकलीचं चित्र चालेल.

ग्रंथपालांना माझी कळकळीची विनंती आहे. ही पुस्तकं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कुलुपात ठेवू नका, मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर ठेवा. मधल्या सुट्टीत कुणी उभ्यानं दहा पानं वाचत असेल तर हटकू नका, वहीत नाव लिहायला लावू नका. शेवटच्या पानावर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर ठळक लिहून चिकटवा. मूल कधी तुमच्याकडे येऊन बोलायला लागलं, तर 'घरच्यांना बोलावते' असं म्हणू नका. आधी ऐकून घ्या.