व्यायामसंस्थेचे दार
(महोत्सवाच्या सभेत गारगोटी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव म्हटला की मागील वर्षांचा आढावा घेण्याची आपली रीत आहे, व ती योग्यच आहे. मला मात्र आज पुढील पिढीच्या एका गरजेविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. गावात व्यायामसंस्था निघते, पहिल्या वर्षी गर्दी होते, दुसऱ्या वर्षी ती ओसरते आणि तिसऱ्या वर्षी दाराचे कुलूप गंजू लागते, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. हे असे का व्हावे? आणि ज्या संस्था टिकल्या, त्या कशाच्या बळावर टिकल्या?

उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपास गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. ते 1912 साली पुरे झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. अगदी मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव दिसावा, ही त्यातील दृष्टी. शहरातील गंगावेस, मोतीबाग आदी तालमींतही हाच धडा मिळतो. खेड्यातून आलेला पोर तेथे राहतो, पहाटे उठून आखाड्याची माती खणतो, जोर-बैठका काढतो आणि वस्तादांच्या नजरेखाली वाढतो. माती खणण्याचे काम हलके मानले जात नाही. जो आखाड्यात उतरतो त्याचे हात मातीला लागलेच पाहिजेत. काम वाटून घेतले म्हणजे संस्था आपली वाटू लागते, हे यातील मर्म होय.

कोल्हापूरच्या तालमींचा दुसरा गुण असा की, त्यांतील कित्येकांत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. हे मी मुद्दाम सांगतो. आपण ख्रिस्ती मंडळी या भागात संख्येने थोडी आहोत. तेव्हा संस्था केवळ आपल्याच मुलांकरिता काढावी, असा विचार कोणाच्या मनात येणे अस्वाभाविक नाही. परंतु ज्या घराला एकच दार व तेही अरुंद, त्या घरात वारा खेळत नाही. शेजारच्या गल्लीतील मूल ज्या दिवशी न विचारता आत येईल, त्या दिवशी आपली संस्था खरोखर उघडली असे समजावे.

कोणी म्हणेल, साधनांवाचून हे कसे व्हावे? पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील शेतकरी अनवाणी धावत असलेले सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, त्यांचा वेग पाहून ते चकित झाले, व त्यांच्या पुढाकाराने 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनमध्ये त्यांचा 19 वा क्रमांक आला. म्हणून प्रारंभीच गणवेश व बूट यांची सक्ती करू नये. ज्याच्या बापाजवळ पैसे नाहीत, तो मुलगा तसे बोलून दाखवीत नाही, मुकाट्याने येईनासा होतो.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. 1948 साली लंडन येथे त्यांचा सहावा क्रमांक आला, आणि 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी दिली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून ते ऋण फेडले. देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची जाण, ही दोन चाके असल्याशिवाय गाडा चालत नाही. आपला जमाखर्च दरमहा भिंतीवर लावावा. मग वर्गणी मागताना मान खाली घालावी लागणार नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. शर्यतीत पहिला येणारा स्वतःच्या बळावर टिकतो. संस्थेची खरी परीक्षा शेवटी येणाऱ्यापाशी होते. लंडनच्या एका उद्यानात 2004 साली 13 धावकांनी सुरू केलेला विनाशुल्क साप्ताहिक उपक्रम आज अनेक देशांत पसरला आहे. तेथे सर्वांच्या मागून चालण्यासाठी एक स्वयंसेवक नेमलेला असतो, म्हणजे कोणीही धावक शेवटचा ठरत नाही. ही युक्ती फुकटची आहे, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे.

मुलींचा विचार जुन्या तालमींनी केला नव्हता. आपण तो प्रथमपासून केला पाहिजे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या, हे उदाहरण समोर असता कोणा मुलीस दारातून परत धाडणे शोभणारे नाही. त्यांच्यासाठी सोयीची वेळ, शिक्षिका व कपडे बदलण्यास स्वतंत्र खोली हवी. तसेच कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही मुलास बंद दाराआड एकटे शिकवू नये, आणि आईबापांस केव्हाही येऊन पाहण्याची मुभा असावी, हे दोन नियम लिहून ठेवावेत.

शेवटी आपल्या तरुणांकडे पाहू. पहाटे या जिल्ह्यातील रस्त्यांवर मुले-मुली धावताना दिसतात. ती बहुधा भरतीची तयारी करीत असतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर धावावे लागते. निवड होते ती थोड्यांची. उरलेले धावणे सोडतात, घराबाहेर पडणे टाळतात, आणि आपला जन्म फुकट गेला असे मानू लागतात. अशा तरुणास ‘उद्यापासून लहान मुलांना तू शिकव’ असे म्हणणारे कोणी गावात असले पाहिजे. व्यायामसंस्थेने एवढे एकच कार्य केले तरी तिचे सार्थक झाले, असे मला वाटते.

शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी 2024 साली पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु पदक हे फळ आहे. झाड जगले की नाही हे पाहावयाचे तर गेल्या वर्षी आलेल्यांपैकी या वर्षी किती परत आले, ते मोजावे. खेड्याचे शिक्षण खेड्यातच उभे राहू शकते, हे 1952 साली याच गारगोटीत डॉ. जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ स्थापून दाखविले. व्यायामाच्या बाबतीतही ते अशक्य नाही. वेदगंगेकाठच्या या भागात पावसाळा मोठा असतो, म्हणून चार महिन्यांपुरते एक छप्पर, एक सपाट मैदान, एक प्रेमळ पण शिस्तीचा वस्ताद आणि सर्वांस मोकळे दार, एवढ्यावर आरंभ करता येईल. तो आरंभ या महोत्सवाच्या वर्षातच व्हावा, अशी आपणां सर्वांस नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.