समोरच्याला पटलं नाही, तरीही



आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्यातले कितीतरी जण पहाटेची एसटी पकडून, सड्यावरच्या वाडीतून चालत येऊन इथे शिकले. घरात पहिल्यांदाच पदवी घेणारेही तुमच्यात असतील. ही पदवी तुमच्या कष्टांची आहे, तशीच तुमच्या घरच्यांच्या कष्टांचीही आहे.

तुम्ही राजापूर तालुक्यात वाढलात, म्हणजे वाद ऐकतच वाढलात. माडबनला एकेक 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभ्या राहणार, ही चर्चा सुरू झाली तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल. त्या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्यात गोळीबार झाला, एक माणूस गेला. पुढे नाणारच्या रिफायनरीची घोषणा झाली, 2019 मध्ये ती रद्द झाली. मग तोच विषय बारसू-सोलगावच्या सड्यावर पोहोचला आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी सारा महाराष्ट्र इकडे बघत होता. गणपतीला चाकरमानी घरी आले की पडवीत हाच विषय निघतो. दोन सख्खे भाऊ रात्री उशिरापर्यंत बोलतात आणि सकाळी दोघंही आपापल्या मतावर तसेच ठाम असतात. मग कुणीतरी म्हणतं, "बोलून काय उपयोग? त्याला पटणारच नाही."

या वाक्याबद्दल मला आज बोलायचं आहे. समोरच्याला पटलं तर युक्तिवाद चांगला, नाही पटलं तर तो फुकट गेला, अशी एक समजूत त्यामागे आहे. ती समजूत मला चुकीची वाटते आणि लोकशाहीला घातकही वाटते. याचा दाखला शोधायला दूर जायला नको. राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासातच तो आहे.

1957 पासून बॅरिस्टर नाथ पै हे या मतदारसंघाचे खासदार होते. वेंगुर्ल्यात जन्मलेले, समाजवादी विचारांचे, ज्यांचं भाषण ऐकायला विरोधी बाकांवरचे लोकही थांबत असे वक्ते. 27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला. पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्यात अतिरिक्त ठरली होती, त्यातून तो खटला उभा राहिला होता. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, अगदी घटनादुरुस्ती करूनही नाही, असं न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत होता. म्हणजे कुळांना, भूमिहीनांना जमीन देणारा प्रत्येक नवा कायदा अडचणीत येण्याची शक्यता होती.

नाथ पैंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. राज्यघटना लोकांची आहे आणि तिच्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या संसदेकडेच असला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की उद्या एखाद्या सरकारने याच अधिकाराने तुमचं भाषणस्वातंत्र्य काढून घेतलं तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार? दोन्ही बाजूंना विचारी माणसं होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर खूप चर्चा झाली, पण ते मंजूर झालं नाही. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात नाथ पैंचं निधन झालं. वय अवघं 48.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेने 24वी घटनादुरुस्ती मंजूर केली. नाथ पै जो अधिकार मागत होते, तोच तिने संसदेला दिला. मग त्यांचा युक्तिवाद 1970 पर्यंत वाईट होता आणि 1971 मध्ये अचानक चांगला झाला का? मधल्या काळात बदलली होती ती परिस्थिती. बँक राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे या दोन्ही प्रकरणांत सरकार न्यायालयात हरलं होतं. त्यानंतर निवडणुकीत इंदिरा गांधींना मोठं बहुमत मिळालं. सरकारला तो अधिकार आता स्वतःला हवा होता. ज्याला आपलं म्हणणं पटतं, त्याला ते आपल्याच कारणासाठी पटतं असं नाही. मान हलली म्हणून मुद्दा सिद्ध होत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा न्यायालयातला आहे. या दुरुस्तीची वैधता केशवानंद भारती खटल्यात तपासली गेली. 13 न्यायाधीश आणि 68 दिवसांची सुनावणी. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला होरमसजी सिरवई. दोघेही मुंबईचे, दोघांचाही अभ्यास अफाट. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला काही मर्यादा घटनेतच गृहीत आहेत, असं पालखीवाला सांगत होते. सिरवईंना ते अमान्य होतं. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. नाथ पैंच्या मुद्द्यातला मोठा भाग त्या निकालात टिकला, आणि त्यांच्या विरोधकांची भीतीही त्या निकालाने खरी मानली.

आता विचार करा. सहा न्यायाधीशांना चौकटीचा तो सिद्धान्त पटला नाही. सिरवईंना पटला नाही. आणखी एका न्यायाधीशाचं मत बदललं असतं तर पालखीवाला हरले असते. तेवढ्याने त्यांचा युक्तिवाद कमकुवत ठरला असता का?

दोनच वर्षांनी आणीबाणी आली. नाथ पैंच्या जागी राजापूरने निवडून दिलेले प्रा. मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात गेले. 1976 मध्ये 42वी दुरुस्ती झाली आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीच मर्यादा नाही, असं घटनेतच लिहिलं गेलं. 1967 साली जो प्रश्न नुसता तर्काचा वाटत होता, तो दारात येऊन उभा राहिला. 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने ते कलम रद्द केलं, तेही मूलभूत चौकटीच्याच आधाराने. आणि सिरवईंनी पुढे आपल्या राज्यघटनेवरच्या ग्रंथात स्वतःचं मत बदलल्याचं मोकळेपणाने लिहिलं. 68 दिवसांच्या युक्तिवादाने जे झालं नाही, ते अनुभवाने घडवलं. पण तो युक्तिवाद आधी नीट मांडला गेला नसता, तर अनुभवाचा अर्थ कशाच्या आधारे लावला असता?

म्हणून मी म्हणतो, पटणं हे मुद्द्याचं माप नाही. माणसाला पटण्या-न पटण्यामागे त्याची शेती असते, नोकरी असते, पक्ष असतो, गावातली प्रतिष्ठा असते, जुनं दुखणं असतं. धमकीनेही माणूस हो म्हणतो, पैशानेही म्हणतो, कंटाळूनही म्हणतो. त्या होकाराला आपण आपली हुशारी समजू नये.

पण इथेच एक धोका आहे. "मी बरोबर आहे, त्याला पटो न पटो" असं म्हणून विरोधकाकडे पाठ फिरवणं फार सोपं असतं. आपल्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. विरोधक तिन्हींत असतो, पण त्याची खरी गरज फक्त वादाला असते. कारण माझ्या मुद्द्यात भोक कुठे आहे, हे शोधायची आच माझ्यापेक्षा त्याला जास्त असते.

मग चांगला युक्तिवाद ओळखायचा कसा? माझ्या मते दोन प्रश्न पुरेत. समोरच्याचं म्हणणं मी असं मांडू शकतो का, की तो म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचं आहे"? आणि काय दिसलं तर मी माझं मत सोडेन, हे मला सांगता येतं का?

बारसूच्या सड्याचंच घ्या. सातबाऱ्यावर ज्या जमिनीपुढे पोटखराब लिहिलेलं असतं, ती कागद पाहणाऱ्याला ओसाड वाटते. पण पावसाळ्यात तिथे गुरं चरतात, कातळातून मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना येतं, आणि त्याच जांभ्यात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने चित्रं कोरून ठेवली आहेत. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी ही आपल्या तालुक्यातली नावं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. जो प्रकल्पाच्या बाजूने बोलतो, त्याला हे सगळं विरोधकाइतक्याच नेमकेपणाने सांगता आलं पाहिजे. आणि जो विरोधात बोलतो, त्याला वर्षभर कुलूप लागलेली घरं, पटसंख्येअभावी बंद पडणाऱ्या शाळा, बारावी होताच मुंबईची गाडी धरणारी मुलं, मोठ्या आजारासाठी रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठणारी म्हातारी माणसं, हेही तितक्याच कळकळीने सांगता आलं पाहिजे. कोणत्या बाजूला उभं राहायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही. उभं राहताना दुसऱ्या बाजूचं खोटं चित्र रंगवू नका, एवढी कळकळीची विनंती करतो.

आणि एक काम तुमच्यावर सोपवतो. 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सारांश असतो थोडक्यात, मूळ अहवाल शेकडो पानांचा, बहुधा इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत. मच्छीमार काका विचारतात, समुद्रात सोडलेलं गरम पाणी किती दूर जाईल, मासळीचं काय होईल? बागायतदार मावशी विचारते, माझ्या कलमांच्या मोहोराचं काय? त्या प्रश्नांची उत्तरं अहवालात आहेत की नाहीत, असतील तर ती कशावर आधारलेली आहेत, हे शोधून त्यांना सांगणारा पदवीधर प्रत्येक गावात हवा. विज्ञान शाखेच्या मुलांनी आकडे तपासावेत, वाणिज्यच्या मुलांनी खर्च आणि मोबदला तपासावा, कला शाखेच्या मुलांनी ते सारं आजीला समजेल अशा मराठीत लिहावं. ग्रामसभेत उठून बोला. विरोधी सूर काढणाऱ्याला आधी बोलू द्या. तुमचा मुद्दा इतिवृत्तात लिहून घ्या, त्याचाही लिहून घ्यायला लावा. त्या दिवशी हात कोणासाठी जास्त वर जातात ते जाऊ देत. पुढे कोणाला निर्णय तपासावा लागला तर त्याच्यासमोर दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडलेल्या असतील.

नाथ पैंना संसदेत यश मिळालं नाही, पण त्यांनी मुद्दा इतका स्वच्छ मांडला होता की देशाला त्याला होकार देता आला आणि त्याची मर्यादाही ठरवता आली. ज्या मतदारसंघाने त्यांना दिल्लीला पाठवलं, त्याच मातीतले तुम्ही पदवीधर आहात. समोरच्याला पटलं नाही तरी नीट बोला, आणि तो नीट बोलला तर आपलं मत बदलण्याची तयारी ठेवा. तुमच्या हातून असं बोलणं आणि असं ऐकणं घडो, हीच माझी सदिच्छा.